कोपरा आधी बोलतो

चंडीगडला तेरा नंबरचा सेक्टर नव्हता. बारा झाला की एकदम चौदा. आखणाऱ्याला तेरा अशुभ वाटला, असं लोक सांगत. शशिकला सुर्वेला हे कळलं तेव्हा तिला फार बरं वाटलं. फूटपट्टीनं आखल्यासारखं शहर, सगळे रस्ते काटकोनात, पण आखणाऱ्याच्या मनातही आपल्या संगमेश्वरच्या माणसांसारखी एखादी शंका खुटखुटत होती म्हणायची. तेवढ्यावर तिनं शहराला माफ करून टाकलं.

ती आली १९६६च्या हिवाळ्यात, पंजाबातून हरियाणा वेगळा निघाला त्याला महिनाही झाला नव्हता. नवरा श्यामसुंदर तार खात्यात. बदलीचा कागद आला तेव्हा त्यानं नकाशात चंडीगड शोधायला पाऊण तास लावला होता. बाविसाव्या सेक्टरात सरकारी घर मिळालं. तिथली घरं इतकी सारखी की तिसऱ्याच दिवशी श्यामसुंदर कचेरीतून आला तो सरळ शेजारच्या घरात शिरला, चपला काढल्या, खुर्चीत बसला आणि डोळे मिटून म्हणाला, "अगं, चहा टाक."

आतून एक साठीची उंच सरदारीण आली. परका पुरुष आपल्या खुर्चीत बसलेला पाहून तिनं काही विचारलं नाही. चहा केला, वर दोन खुसखुशीत खाऱ्या मठऱ्या ठेवल्या. म्हणाली, "पुत्तर, पी ले. फेर घर जाईं."

ही सतवंत कौर. गल्लीभर सगळे तिला बीजी म्हणत. लायलपूरची. सत्तेचाळीस साली फाळणीत घर सोडून आलेली. नवरा गेलेला, मुलगा फौजेत. त्या चहानंतर दोन घरांमधली भिंत नावापुरतीच उरली. शशिकलेची मुलगी सुमेधा तर जेवायची इकडे आणि झोपायची तिकडे. मराठीत विचारावं तर उत्तर हिंदीत यायचं.

शशिकलेला एक खोड होती. ऐकलेली गोष्ट तिच्या पोटात राहायची नाही. आंबवण्याची रीत, ताप उतरवायचा काढा, कोणाची म्हैस कशानं दूध चोरते, जे कानावर पडेल ते दुसऱ्या दारी पोहोचलंच म्हणून समजा. लहानपणी आईनं यावरून तिच्या पाठीत धपाटे घातले होते. "इकडचं तिकडे करणारी मेली," असं आई म्हणायची. शशिकलेनं ते मनाला लावून घेतलं होतं. खोड मात्र गेली नव्हती.

१९६९ साली एका सरकारी प्रयोगशाळेची जाहिरात आली. स्त्री उमेदवार हव्यात, मॅट्रिक पास, नजर चांगली, चिकाटी हवी. श्यामसुंदर म्हणाला, "चिकाटी आहे तुझ्यात, हे मी लिहून देतो." ती गेली. तिथले मुख्य, डॉक्टर सोंधी, यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि तासाभरानं येऊन म्हणाले, "क्या देखा?"

"रेघा," ती म्हणाली. "बारीक बारीक दानों की. और एक रेघ चलते चलते अचानक पाँच हो गयी."

सोंधी खुर्ची ओढून शेजारी बसले. ती रेघ त्यांच्या माणसांना तोवर दिसलेली नव्हती. सोमवारपासून या, म्हणाले.

काम असं होतं. काचेच्या पट्टीवर जिलेटिनचा जाड थर दिलेला असे, फोटोच्या फिल्मवर असतो तसाच, पण पुष्कळ जाड. अशा पट्ट्यांची चळत मोठ्या फुग्याला बांधून हैदराबादजवळून आकाशात सोडायची. तिथं वर अंतराळातून येणारे कण या थरातून आरपार जातात आणि जाताना आपली रेघ सोडतात. चळत खाली आली की पट्ट्या तळघरात धुवायच्या, वाळवायच्या, आणि मग शशिकलेसारख्या चौघी बायकांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रेघ शोधायची, तिचे दाणे मोजायचे. रेघ किती जाड, कुठे फुटली, किती सरळ गेली, यावरून कण कोण होता ते सोंधी सांगत.

शशिकलेला त्या खुर्चीचं वेड लागलं. घरात तिला सुमेधाची आई म्हणत, गल्लीत तारवाल्यांची बायको. खुर्चीत बसून डोळा भिंगाला लावला की ती कोणाचीच कोणी नसायची. कुठून कुठून आलेला तो कण आणि ती, दोघंच. घरी येताना ती बसमध्ये एकटीच हसायची. असं सुख तिला पूर्वी कधी लाभलं नव्हतं आणि ते गमवायची तिची मुळीच तयारी नव्हती.

प्रयोगशाळेत अकराचा चहा म्हणजे मोठं प्रकरण. एका लांब टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं. सोंधी, त्यांचा संशोधक विद्यार्थी जयंत खोसला, चौघी बायका, लोहारकामाचा मिस्त्री, अगदी माळीसुद्धा. आणि नियम एकच, चहावर आपापल्या कामाचं बोलायचं नाही. दुसरं काहीही बोला. जो कामाचं बोलेल त्यानं उद्याची बिस्किटं आणायची. जयंतला हे अजिबात पटायचं नाही. तो अंबाल्याचा, हुशार आणि घाईतला. पीएच.डी. व्हायची होती. माळी गुलाबाच्या कलमाबद्दल वीस मिनिटं बोलायचा तेव्हा जयंत घड्याळाकडे बघत राहायचा.

सोंधी त्याला सांगत, "कणांच्या रेघा पहिल्यांदा ज्या यंत्रात दिसल्या ना, ते यंत्र करणारा माणूस कण शोधत नव्हता. डोंगरावर ढग बघून आला होता, बाटलीत ढग करत बसला होता. आपलं हरवलेलं बहुतेक वेळा दुसऱ्याच्या खणात असतं, बेटा. आणि दुसऱ्याचा खण चहालाच उघडतो."

जयंत मान डोलवायचा आणि पुन्हा घड्याळ बघायचा.

१९७१च्या मे महिन्यात साठ पट्ट्यांची पेटी आली. असा फुगा पुन्हा दोन वर्षं मिळणार नव्हता. जयंतनं पहिल्या तीस पट्ट्या तळघरात धुतल्या. इंग्लंडहून आलेली पुस्तिका त्याला तोंडपाठ होती. इतके अंश, इतके तास, शेवटी पट्ट्या आडव्या ठेवून पंखा लावून वाळवा. त्यानं अक्षर न अक्षर पाळलं. तळघर थंड राहावं म्हणून यंत्रही लावलं.

पहिली पट्टी शशिकलेनं भिंगाखाली घेतली. रेघा वाकड्या होत्या. एक नाही, दोन नाही, झाडून साऱ्या. कडेकडच्या तर पार कोयत्यासारख्या. दुसरी पट्टी तशीच, दहावी तशीच. सरळ जाणारा कण कुठे किंचित ढळला, हेच मोजायचं होतं, आणि इथं थरच वळलेला. वाकड्या कागदावर सरळ रेघ कशी मोजणार? तीसच्या तीस पट्ट्या फुकट गेल्या.

सोंधींनी चौघींना बोलावून स्पष्ट सांगितलं. उरलेल्या तीस पट्ट्याही अशाच निघाल्या तर दिल्ली हे काम बंद करणार, आणि तुमच्या तात्पुरत्या जागा जाणार. चूक सापडेपर्यंत थांबावं म्हटलं तर तेही जमत नव्हतं, कारण या उन्हाळ्यात न धुतलेल्या पट्टीवरच्या रेघा आपोआप पुसट होत जातात. जे करायचं ते पंधरा दिवसांत.

जयंतनं तीन दिवस पुस्तिका पुन्हा पुन्हा वाचली. कुठेही चूक सापडली नाही. चौथ्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही. शशिकलेला त्याची दया आली आणि स्वतःचीही आली. आता घरी बसून काय मोजणार होती ती, तांदळातले खडे?

मन रमवायला तिनं त्या रविवारी आंबापोळी घातली. बाजारात चोखायचे देशी आंबे आले होते, संगमेश्वरच्या रायवळांची आठवण करून देणारे. रस काढला, साखर घातली, ताटांना तुपाचा हात फिरवला, रस पातळ ओतला आणि ताटं गच्चीवर कडक उन्हात मांडली, आई मांडायची तशीच. तिकडे दिवसभर ऊन लागलं तरी संध्याकाळी पोळी ओलसरच असते, चार दिवस तापवावी लागते. इथं दुपारी बाराला वर गेली तर पोळीच्या कडा ताटापासून सुटून वर उभ्या, वर चामड्यासारखी साय आणि खाली बोट लावलं तर कच्चा रस. सगळी पोळी मध्याकडे ओढली जाऊन सुरकुतलेली.

बीजी शेजारच्या गच्चीवरून बघत होती. आंबापोळीला ती अंबपापड म्हणे. तिचीही ताटं होती, पण उन्हात नव्हती. जिन्याच्या सावलीत, वर ओलं मलमल ताणलेलं, आणि ताटांच्या काठाला भिजवलेल्या कापडाच्या वळकट्या.

"ये किसने सिखाया तुझे?" बीजीनं विचारलं.

"माँ ने. हमारे यहाँ ऐसेही सुखाते."

"तेरी माँ दे घर समुंदर है," बीजी म्हणाली. "वहाँ हवा आप गीली. यहाँ तो लू चलती है, सूखी तपती हवा, वो खींच लेती है. पहले किनारा खींचती है. कोने को देख, कोना पहले बोलता है. कोने को गीला रख, बीच को पहले सूखने दे. फिर किनारा. हौली हौली." मग हसून म्हणाली, "मैं भी जब नयी नयी आयी थी, लायलपूर की नहर किनारे वाली हवा समझ के सुखाती रही. दो साल सारा पापड़ बिगाड़ा."

सोमवारी अकराच्या चहाला टेबलाभोवती सुतक असल्यासारखी शांतता होती. कामाचं बोलायचं नाही, आणि दुसरं काही कोणाला सुचेना. शेवटी सोंधी शशिकलेला म्हणाले, "आप ही कुछ सुनाइए."

मग काय, तिला तेवढंच हवं होतं. तिनं आंबापोळीची फजिती सांगायला घेतली. ताटं, ऊन, वरची साय, कच्चा तळ. हातानं दाखवलं, कडा अशा उठल्या, आणि पोळी अशी आत ओढली गेली.

हात तसाच हवेत राहिला. तिच्या डोळ्यांपुढं आंबापोळीचं ताट होतं आणि त्याच जागी भिंगाखालची पट्टी होती, कडेला कोयत्यासारख्या वळलेल्या रेघांची.

"सर," ती म्हणाली, "कल के बिस्कुट मेरे."

सगळे हसले. ती हसली नाही. "वो किताब इंग्लैंड की है. वहाँ हवा गीली. मैंने भी वही किया, माँ की गीली हवा का तरीका यहाँ लगाया. पट्टी के किनारे पहले सूखे, सर. किनारों ने बीच को खींचा. लाइन टेढ़ी नहीं है, थर खिंचा है."

जयंतनं कप खाली ठेवला. "मिसेस सुर्वे, तळघरात ऊन नाही, लू नाही. मी थंड करायचं यंत्र लावलं होतं." रागानं नव्हे, थकव्यानं बोलला बिचारा.

मिस्त्री कधी नव्हे तो बोलला. "साबजी, वो मशीन तो हवा का पानी निचोड़ती है. पीछे से बालटी भर भर के मैं ही फेंकता हूँ."

जयंतचा चेहरा हळूहळू लाल झाला. रोज बादलीभर पाणी त्याच्या डोळ्यांदेखत बाहेर जात होतं आणि ते मोजावं असं पुस्तिकेत कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याला नावं ठेवायची तर शशिकलेलाही ठेवायला हवीत. दोघांनीही थोरामोठ्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं केलं होतं, फक्त हवेला विचारलं नव्हतं.

मग पुढचा आठवडा प्रयोगशाळेत जे चाललं ते पाहून दिल्लीवाल्यांना घेरी आली असती. बीजीचं मलमल आलं. मिस्त्रीनं प्रत्येक पट्टीभोवती बसेल अशी चौकट केली, तिच्यात ओल्या कापसाच्या वळकट्या. जयंतनं पंखा काढला, यंत्र बंद केलं, तळघरात पाण्याची घमेली ठेवली आणि दर तासाला हवेतली ओल मोजून वहीत लिहिली. आता त्याला एकदम हुरूप आला होता. मलमल किती ओलं, किती तासांनी उचलायचं, याचा त्यानं तक्ता केला. बीजीच्या हाताला जे ठाऊक होतं ते जयंतनं आकड्यांत बसवलं, आणि आकडे नसते तर तीस पट्ट्यांवर ते करणं कोणाला जमलं नसतं. हेही खरंच.

आधी वाया गेलेली एक पट्टी पुन्हा भिजवून तिच्यावर चाचणी घेतली. त्या दिवशी बीजीलाही बोलावलं. ती पांढऱ्या दुपट्ट्यात तळघरात उतरली. तिला हात लावायची परवानगी नव्हती, त्याचा तिला राग आला. मग कमरेवर हात ठेवून वाकून चारी कोपरे बघितले.

"अजे नहीं," तिनं निकाल दिला. "कल शाम."

जयंतच्या तक्त्यात उद्या दुपारचे तीन होते. त्यानं खोडून सहा केलं.

खऱ्या तीस पट्ट्या धुऊन वाळल्या तेव्हा जून संपत आला होता. पहिली पट्टी कोणी बघायची यावर चर्चाच झाली नाही. शशिकला खुर्चीत बसली. मागे सगळे उभे, माळीसुद्धा. तिनं भिंग फिरवलं, कडेपासूनच सुरुवात केली, मुद्दाम कोपऱ्यापासून. तिला रेघ सापडली. ती रेघेबरोबर चालत राहिली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. डोळ्यांत पाणी आल्यावर भिंगातून काही दिसत नाही, म्हणून तिला थांबावं लागलं.

"क्या हुआ?" सोंधींनी विचारलं.

"सीधी है, सर."

जयंतनं भिंतीला पाठ टेकली आणि तसाच खाली बसला. मग उठला आणि सेक्टर सतराच्या बाजारात जाऊन सगळ्यांसाठी लाडू घेऊन आला.

काम चालू राहिलं. खुर्ची राहिली. शशिकला पुढं दहा-बारा वर्षं तिच्यात बसली. श्यामसुंदरची अंबाल्याला बदली झाली तरी तिनं घर हलवलं नाही, तोच रोज बसनं जाऊ-येऊ लागला आणि कुरकुरत का होईना पण अभिमानानं सगळ्यांना सांगू लागला. ऐंशीच्या सुमाराला मोजायची यंत्रं आली, तेव्हा नव्या पोरींना भिंगाखाली काय बघायचं हे तीच शिकवत होती. प्रयोगशाळेतलं एक जुनं ओल मोजायचं यंत्र बीजीच्या जिन्यात टांगलं गेलं. बीजी आकडा वाचायची नाही, पण पाहुण्यांना दाखवायची जरूर. तिचा अंबपापड त्या वर्षापासून एकदाही बिघडला नाही, असं ती म्हणे. तो आधीही बिघडत नव्हता.

पण खरं सांगायचं ते पत्राचं.

सोंधी आणि जयंत यांचा लेख छापून आला, तेव्हा शेवटी आभार मानायचे होते. सोंधींनी शशिकलेला विचारलं, वाळवण्याची रीत कोणाची म्हणून लिहू? ती म्हणाली, बीजीची. "और आपका नाम?" तिनं मान हलवली. मी काय केलं, इकडचं तिकडे सांगितलं, एवढंच. आईचे धपाटे तिला अजून आठवत होते. लेखात छापलं गेलं ते सतवंत कौर यांचं नाव.

१९७३च्या हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा उंच, कोरड्या पठारावरून पत्र आलं. तिथंही अशीच प्रयोगशाळा होती आणि तिथल्याही रेघा वाकत होत्या. पत्रावर नाव होतं, डॉक्टर सतवंत कौर. सोंधी ते स्वतः घेऊन बाविसाव्या सेक्टरात आले, आणि श्यामसुंदरसारखे भलत्याच दारात शिरले नाहीत एवढंच नशीब.

बीजी उन्हात शेंगदाणे सोलत बसली होती. पत्र तिनं उलटंसुलटं करून पाहिलं. डॉक्टर म्हटल्याचं तिला नवल वाटलं नाही. "पढ़," ती शशिकलेला म्हणाली. शशिकलेनं अर्थ सांगितला. मग कागद-पेन आणलं आणि बीजी सांगू लागली, शशिकला लिहू लागली. सोंधी नंतर ते इंग्रजीत घालणार होते.

"लिख, पहले अपनी हवा से पूछो. हमारा तरीका भी आँख मूँद के मत करना. लिख, कोने को देखना. लिख, जल्दी मत करना." बीजीनं दोन शेंगा फोडल्या. "अब लिख, कि मैं तो अपनी छत पर बैठी थी. अठारह साल से बैठी हूँ. मुझे क्या पता तुम्हारे शीशे टेढ़े हैं. इधर की बात उठा के उधर ले गयी एक लड़की. वो ना ले जाती तो मेरी बात मेरी छत पे रहती और तुम्हारे शीशे तुम्हारे तहखाने में. लिख उसका नाम."

शशिकलेचं पेन थांबलं.

"लिख ना," बीजी म्हणाली. "स्याही सूख जायेगी."

सुमेधा दारात उभी राहून बघत होती. शशिकलेनं पदरानं डोळे पुसले, कागद गुडघ्यावर नीट धरला आणि जन्मात पहिल्यांदा, कोणाची बायको आणि कोणाची आई हे काही न लिहिता, पूर्ण नाव लिहिलं. शशिकला सुर्वे, चंडीगड.